पाऊण इंच

चैतन्य हे लिहून ठेवणारच नव्हता. फोनमध्ये ‘कपाट’ नावाची एक नोट होती, तिच्यात फक्त मापं. भिंतीतल्या खोबणीची रुंदी खाली अठ्ठेचाळीस इंच, मध्ये साडेसत्तेचाळीस, वर सव्वासत्तेचाळीस, कारण नवीन इमारतीत भिंत सरळ मिळणं नशिबाचा भाग. कुठला स्क्रू, ड्रिलची कुठली बिट, बिजागरी काठापासून किती आत. एवढ्या कामाच्या यादीखाली आपली फजिती कशाला टाकायची, असं त्याला वाटत होतं. पण रविवारी संध्याकाळी जिन्यात बसून त्याने ती टाइप केलीच. थोडी थोडी, तुकड्यातुकड्यात. ती अशी.

चैतन्यचं घर घाटकोपरला, ए विंगच्या सातव्या मजल्यावर. पूर्वी त्याच जागेवर बैठी चाळ होती. ती पाडली, तीन वर्षं सगळे कुठे कुठे भाड्याने राहिले, मग किल्ल्या मिळाल्या. आई, सुंदराबाई, नव्या घरात सव्वीस दिवस राहिली आणि गेली. तेव्हापासून घरात चैतन्य एकटा. मरोळच्या कंपनीत मशीनवर ड्युटी करायची, घरी येऊन कुकर लावायचा, एकच ताट धुवायचं. आठ महिने झाले तरी समोरच्या दारावरचं नाव त्याने नुसतं वाचलं होतं, माणूस पाहिला नव्हता.

त्याची मोठी बहीण नीलम नर्स. कल्याणचं सासर सोडून तिला दोन वर्षं झाली. आधी मैत्रिणीकडे, मग वाशीला हॉस्टेलवर. दोन बॅगा, त्यातच सगळं. चैतन्य तिला म्हणाला, ताई, इकडे ये राहायला. ती म्हणाली, “चैत्या, मला खोली नको रे. एक कप्पा दे, ज्याला कुलूप लागतं. बाकी मी बघते.”

हॉस्टेलवाल्यांना सोमवारी कळवायचं होतं, रूम ठेवणार की सोडणार. रविवारी चार वाजता ती घर बघायला येणार होती. ती नाही म्हणाली असती, तर पुढचं वर्षही त्या घरात कुकर आणि एक ताट. हे चैतन्यला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याने शब्द देऊन टाकला. “कप्पा कशाला? कपाट करतो. स्वतः करतो.”

“तू?” नीलम हसली. “तुला टाचणी तरी सरळ टोचता येते का?”

येत नव्हती. पण व्हिडिओ होते. दोन महिने जेवताना त्याने तेच बघितलं. ड्रिल मशीन घेतलं, सपाटी बघायला लेव्हल घेतली, कोपरा काटकोनात आहे का बघायला लोखंडी गुण्या घेतला. पहिल्या प्लायच्या तुकड्याची त्याने चाळण केली. तिसऱ्यापासून स्क्रू सरळ जायला लागला. मोठ्या फळ्या प्लायवाल्याकडून मापात कापून आणल्या. आठ फुटी फळी लिफ्टमध्ये मावत नाही, हे त्याला लिफ्टच्या दारात कळलं. एकेक करून जिन्याने वर नेल्या. वाटेत दोन दारं किलकिली झाली आणि लागली.

शनिवारी सुट्टी टाकली होती. सकाळपासून त्याने कपाटाची पेटी जमिनीवर आडवी जोडली. आठ फूट उंच, दोन फूट खोल, रुंदी खोबणीत थोडी फट ठेवून बसेल अशी. खाली चार इंचांचा लाकडी पाया, तोही स्क्रू मारून पक्का. एकूण शंभर इंच. छत एकशे दोन इंचांवर. वर दोन इंच मोकळे राहतात, झकास. दुपारी बाराला शेवटचा स्क्रू बसला. “झालं,” तो मोठ्याने म्हणाला. रिकाम्या खोलीत त्याचाच आवाज त्याला परत आला, तेव्हा तो जरा ओशाळला.

मग त्याने पेटी उभी करायला घेतली. सत्तर किलोचा ऐवज. गुडघा लावला, खांदा लावला, इंच इंच करत वर नेली. जवळजवळ उभी झाली आणि खर्रकन थांबली. वरचा कोपरा छताला घासून अडकला होता. पांढरा चुना त्याच्या डोळ्यांत आला.

त्याने खालून धक्का दिला. पेटी आणखी घट्ट बसली. हलेना. त्याने टेप काढून पेटीच्या बाजूवर तिरका लावला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एकशे दोन आणि वर पाऊण इंच.

उभी असताना उंची शंभर. पण उभी होताना ती तिरकी असते, आणि तिरकं माप जास्त भरतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हिडिओतल्या त्या माणसाचं छत दहा फुटांवर होतं, त्याला काय फरक पडतो.

उपाय सोपा होता, आणि तोच त्रासाचा होता. पेटी परत आडवी करायची, पाया सुटा काढायचा, पाया आधी खोबणीत ठेवायचा, पेटी उभी करायची आणि चार इंच उचलून त्याच्यावर बसवायची. अडकलेली पेटी खाली उतरवायलाच दुसरा माणूस हवा होता. उचलून चढवायला तर हवाच हवा. ती एकट्याने सोडली असती तर त्याच्यावरच आली असती.

चाळीत असं काही निघालं की माणूस दारात उभा राहून ओरडायचा, “हात लावा रे.” काय उचलायचंय ते कुणी विचारायचं नाही. ज्याला ऐकू जाई तो ताटावरून उठून यायचा. पंपाची मोटर असो, गणपतीच्या वेळचा मंडप असो, एकदा तर कुणाची म्हैस होती.

चैतन्यने दार उघडलं. पॅसेजमधला दिवा आपोआप लागला. सहा बंद दारं. त्याने तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही. थोड्या वेळाने दिवाही आपोआप गेला.

राहता राहिला केतन. बी विंग, सहावा मजला. चाळीत भिंतीला भिंत लागून, पहिलीपासून एका बाकावर. गेल्या वर्षी केतनचं सामान चढवायचं होतं तेव्हा बी विंगची लिफ्ट चालू झाली नव्हती. त्याने चैतन्यला पाच फोन केले होते. चैतन्य घरीच होता. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते. खाली गेलो की सगळे विचारणार, खांद्यावर हात ठेवणार, हे त्याला झेपत नव्हतं. फोन छातीवर ठेवून तो तसाच पडून राहिला. मग केतनने आणि त्याच्या वडिलांनी, राजारामकाकांनी, दोघांनीच लोखंडी कपाट सहा मजले चढवलं. काकांची कंबर तेव्हा धरली ती धरलीच. नंतर केतनने परत फोन केला नाही, आणि चैतन्यला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

आता त्याने नंबर लावला. चार रिंगा गेल्या. पाचव्या रिंगेला तो ठेवणार होता.

“बोल,” केतन म्हणाला.

“केत्या... हात लावायला येतोस का?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“काय उचलायचंय?”

“कपाट. मी केलंय. अडकलंय.”

“तू केलंयस?” केतन म्हणाला. “मग तर वाट लागली असेल.” आणि फोन ठेवला.

येणार की नाही, काही कळेना. चैतन्य पेटीला पाठ लावून खाली बसला. दहा मिनिटांनी बेल वाजली. केतन दारात, पायात चप्पल, उजवा हात कोपरापर्यंत ओला. जेवणावरून उठून आला होता.

त्याने छताला टेकलेल्या पेटीकडे बघितलं. “हे काय, स्लॅबला टेकू दिलायस?”

“तिरकं माप घेतलं नव्हतं.”

“दिसतंय ना.”

दोघांनी मिळून पेटी खाली घेतली. चैतन्यने पायाचे स्क्रू उलटे फिरवून काढले. पाया खोबणीत ठेवला, लेव्हल लावली, एका बाजूला पुठ्ठ्याची घडी सारली. पेटी उभी केली, ती सहज गेली. मग दोघे दोन बाजूंना वाकले.

“एक, दोन,” केतन म्हणाला, “आणि या वेळेला उचल, काय?”

चैतन्यने उचललं. पेटी चार इंच चढली, पायावर बसली, आत सरकली. दोघेही धापा टाकत भिंतीला टेकले.

“तेव्हा मी घरीच होतो,” चैतन्य म्हणाला.

“माहितीये. तुझा दिवा दिसत होता खालून.”

“काका कसे आहेत?”

“मोरीत घसरतात. परवा पडता पडता वाचले.” केतनने घामेजलेला हात पँटला पुसला. “चल, माझी आमटी गार झाली.”

पण तो गेला नाही. दरवाजे लावताना तो एकेक धरून उभा राहिला. चैतन्य स्क्रू मारत होता आणि केतन, “डावीकडे, अरे तुझं डावं,” असं सांगत होता. शेवटी खालच्या कप्प्याला कुलूप बसलं.

रविवारी चारला नीलम आली. एकच बॅग घेऊन. कपाटाचं दार तिने उघडलं, मिटलं, परत उघडलं. एक दार किंचित खाली होतं, ते तिने बोटाने जरा वर उचलून बघितलं. बॅगेतून एक पिशवी काढून तिने खालच्या कप्प्यात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

“पिशवीत काय आहे?” चैतन्यने विचारलं.

“तुला काय करायचंय?” चहा पिऊन ती उठली. “नाईट आहे माझी. उद्या हॉस्टेलवाल्यांशी बोलते. बाकीचं सामान बुधवारी. तुला सुट्टी असेल तर ये, नाहीतर मी आणीन.”

ती गेल्यावर चैतन्यने तिचा कप धुतला, आणि आपलाही. दोन कप पालथे घातले. मग तो जिन्यात जाऊन बसला. त्याने हे सगळं लिहिलं, आणि केतनला फोन लावला.

“आता काय अडकलं?” केतन म्हणाला.

“काही नाही. काकांच्या मोरीत धरायला दांडा बसवायचा. मशीन आहे माझ्याकडे. शनिवारी सकाळी नऊला येतो.”

“येशील?”

“येईन. तू फोनही करू नकोस. आणि केलास, तर उचलीन.”