विमानाने मला पंख हलवले

मी बोलतोय म्हटलं तर टॉवरमधले सगळे हसतील. बोलायला इथे रेडिओ आहे. मी नुसता दिवा. हातात धरून रोखायचा, लाल-हिरवा प्रकाश फेकणारा. पनवेलजवळ, पळस्प्याच्या पुढे एका लहानशा उड्डाणशाळेच्या टॉवरमध्ये मी काचेपाशी हुकाला लटकतो. रेडिओ बंद पडला तर विमानाला खूण करायला मी. पण तो कधी बंद पडायचाच नाही, म्हणून माझ्यावर समीक्षाची ओढणी लटकायची.

समीक्षा आमची कंट्रोलर. ती इथून "उतर" म्हणते आणि आभाळातलं विमान ऐकतं! इतकी वर्षं बघतोय, तरी माझं नवल संपत नाही.

बुधाजीकाका जीपवाले. धावपट्टीवरची कुत्री, टिटव्या हाकलणं हे त्यांचं काम. ही पट्टी त्यांच्याच गावाच्या जमिनीवर झाली. गावदेवी नव्या देवळात गेली, पण काकांच्या मते आई अजून जुन्या जागीच आहे, पट्टीच्या ऐन मध्यावर. तिथे पोचले की ते जीप थांबवून हात जोडणारच.

त्या दिवशी इथे शिकणारी प्रांजल पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन गेली होती. ती उतरायला वळली तेव्हा समीक्षाने काकांना पट्टी सोडायला सांगितलं.

"निंगतो, बाय," काका रेडिओवर म्हणाले. निघालेही. पण वाटेत आईची जागा आली. दोन्ही हात जोडायचे म्हणून त्यांनी रेडिओ सीटच्या फटीत खोचला, आणि त्याचं बोलायचं बटण दाबलं जाऊन तसंच राहिलं.

एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकीचे सगळे मुके. टॉवरमध्ये एकच आवाज घुमू लागला. "आये, आज पोर एकलीच गेलीय गो. तिला नीट खाली आन."

"प्रांजल, उतरू नकोस!" समीक्षा जीव तोडून ओरडत होती, पण ते कुणालाच ऐकू जात नव्हतं. जीप पट्टीवर उभी आणि विमान खाली खाली येतंय.

तिने ओढणी भिरकावली, मला ओढून काढलं आणि विमानावर रोखलं. मी लाल होऊन उघडझाप करू लागलो. भर उन्हात माझा उजेड तो केवढा! प्रांजलला दिसेल? मी फार घाबरलो होतो.

विमानाचं नाक वर उठलं. जीपवरून घरघरत ते वर चढलं, आणि त्याने पंख एकदा इकडे, एकदा तिकडे हलवले. 'दिसलं' असं सांगायची ती त्यांची रीत. अहो, एवढ्या मोठ्या आभाळातून मला कुणीतरी उत्तर दिलं होतं!

आवाजाने काका दचकले. समीक्षाने मला त्यांच्याकडे वळवलं तशी त्यांनी जीप जी काढली, ती थेट गवतात. मग मी हिरवा झालो, आणि प्रांजल उतरली.

थोड्या वेळाने काका वर आले. मान खाली. "माझे पाई पोरीचा जीव जात व्हता, बाय."

प्रांजल तिथेच उभी होती. "काका, समोर लाल दिवा दिसला आणि मी गोंधळलेच. पण कानात तुमचा आवाज होता. माझ्यासाठी मागत होतात ना? म्हणून हात स्थिर राहिले माझे."

काका टोपी काढून तिनेच डोळे पुसत राहिले.

आता ते हात जोडतात ते जीप पट्टीबाहेर लावून. समीक्षा ओढणी खुर्चीवर टाकते आणि रोज सकाळी मला पेटवून बघते. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याच्यावर कपडे अडकवू नका. बाकी मला काही नको. मी रोज सकाळी आभाळाकडे बघतो, आणि मला ते हललेले पंख आठवतात.