दोन तास आधीचा भोंगा

वसमतच्या आकांक्षाला एकच घाई झाली होती. आपला भोंगा शुक्रवारच्या आत हवामानाच्या एका ॲपमध्ये गेला पाहिजे. ॲप साऱ्या जगाचं. कुणीही फुकट वापरावं, कुणीही त्यात भर घालावी. तिची भर साधी होती. पाऊस येणार असेल तर मोबाइलने मोठ्याने भोंगा वाजवायचा. गेल्या साली शिजवून वाळत घातलेली हळद अवकाळीत भिजून काळी पडली, तेव्हा तिची आई जिवनबाई दोन दिवस धड जेवली नव्हती. शुक्रवार हुकला की ॲपची पुढची आवृत्ती थेट पावसाळ्यात. तेव्हा भोंगा वाजवून काय बेडकं उठवायची?

भर घालणाऱ्यांसाठी नियमांचं लांबलचक पान होतं. पोरीने ते वाचलंच नाही. हुशार माणसांना ही खोड असतेच. पहिल्यांदा तिने पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहून पाठवला, तो परत आला. जुन्या, मंद मोबाइलवरही ॲप चालावं म्हणून नवा भाग रस्ट या भाषेतच लिहायचा, असा पहिलाच नियम होता. महिनाभर रस्ट शिकून तिने पुन्हा लिहिलं, तर तेही परत. आता मात्र तिने पान शेवटपर्यंत वाचलं. तिथे लिहिलं होतं: प्रोग्रामची ओळ काय करते ते नको, ती का आहे ते शेजारी लिहा. आणि पाठवण्याआधी, ज्याने हे कधीच पाहिलं नाही अशा माणसाला समजावून सांगा.

असं माणूस घरातच होतं, ओसरीत तूर पाखडत.

"माय, ऐक. पाऊस यायच्या अर्धा तास आधी भोंगा वाजतो."

"काहून?"

"काहून म्हंजे? हळद झाकायला."

"अर्ध्या तासात? आधी पसरलेली हळद गोळा कराया लागते, मग ढीग, मग ताडपत्री. दोघं राबलो तरी बराबर दोन तास लागतात. तू कवा केली व्हय गोळा?"

आकांक्षाचं तोंड एवढंसं झालं. गेल्या साली ती नांदेडला कॉलेजात होती. तिने अर्ध्याचे दोन तास केले.

"रातच्यालाबी वाजतो?"

"व्हय."

"काहून? दिवस बुडायच्या आत ढीग झाकलेलाच राहतो. माणसाला झोपू तर दे."

संध्याकाळपर्यंत हेच चाललं. जिवनबाईंनी एक ओळ सुखाने पुढे जाऊ दिली नाही, आणि आकांक्षाने प्रत्येक 'काहून'चं उत्तर त्या त्या ओळीशेजारी लिहून टाकलं. पाठवायच्या अर्जात शेवटी तपासणाऱ्याचं नाव विचारलं होतं. तिथे तिने आईचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

गुरुवारी उत्तर आलं. भर स्वीकारली. खाली फिनलंडच्या कुण्या बाईने लिहिलं होतं, 'तुमच्या तपासनीस फार बारकाईने बघतात. पुढच्या वेळीही त्यांनाच दाखवा.'

आकांक्षा हसत, रडत ओसरीत आली आणि तिने आईपुढे मोबाइल धरला. ॲपमध्ये भर घालणाऱ्यांच्या शेकडो नावांच्या यादीत शेवटी तिचं नाव होतं आणि त्याखाली आईचं. जिवनबाईंनी बोट फिरवत ते वाचलं, पुन्हा वाचलं, पदराने डोळे टिपले आणि सेनगावच्या थोरल्या बहिणीला, कमलबाईला, फोन लावला.

"जय भीम, अक्का. साऱ्या जगाच्या मोबाइलात माझं नाव लागलं."

"तुहं? काहून?"

जिवनबाईंनी सूप बाजूला सारलं आणि ऐसपैस मांडी घातली.

"हातातलं काम ठिव आन् बस. सांगाया बराबर दोन तास लागतात."