सह्यांची कोरी वही

यंदाच्या अर्थसंकल्पात सरकारने शाळांवर आणि वाचनालयांवर कात्री चालवली. दुसरं काही सापडलं नाही म्हणे. शेजारच्या शाळेतले दोन शिक्षक कमी झाले आणि मला, म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपालबाईला, पत्र आलं: रोज वीसपेक्षा कमी वाचक येणारी वाचनालयं महिनाअखेरीस बंद. त्यांच्या कागदावर आमचे वाचक होते रोज चार.

चार! इथे दुपारी बाकावर टेकायला जागा नसते. पण सगळं खापर सरकारवर फोडता येईना, कारण अर्धी चूक माझी होती. पुस्तक घरी नेणाऱ्यांची नोंद मी करायची. बसून वाचणाऱ्यांनी दारातल्या वहीत सही करायची असते. ती वही मी सहा वर्षांपूर्वी कपाटात कोंबली होती.

माझी नणंद त्याच शाळेत शिकवते आणि रोज वर्ग घेऊन माझ्याकडे येते. पत्र वाचून तिने कपाळाला हात लावला.

"वहिनी, घरात एक चमचा हरवला तर तुम्ही आठ दिवस सगळ्यांचं डोकं खाता. आणि इथे सह्यांची वहीच नाही?"

"आहे. कोरी आहे."

"पण का?"

"होतं काहीतरी कारण."

ते कारण माझं असतं तर मी सांगून मोकळी झाले असते. ते दुसऱ्या कुणाचं होतं.

पत्रात म्हणणं मांडायला सुनावणी दिली होती, मंगळवारी सकाळी, कचेरीत. चूक माझी आहे, पण तुम्ही आलात तर उपकार होतील, असं मी एकेका वाचकाला सांगत फिरले. एरवी मी कुणापुढे नमतं घेत नाही.

मंगळवारी कचेरीचा हॉल भरला. नणंदेने आख्खा वर्ग आणला होता. घोषणा वगैरे आमच्या माणसांना जमत नाहीत. बसायला सांगितल्यावर प्रत्येकाने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मान खाली घातली. सुनावणी घेणारे साहेब आत आले आणि आपसूक हळू आवाजात बोलायला लागले. एवढ्या काळजीतही मला हसू आलं.

"बाई, आज माणसं दिसतायत, कबूल. पण सहा वर्षं वही कोरी का? कारण काय लिहू?"

"ग्रंथपालाचा हलगर्जीपणा, असं लिहा," मी म्हणाले. नोकरी गेली तर गेली.

"खोटं आहे ते, साहेब."

मागच्या रांगेत मावशी उभी राहिली होती. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करते ती.

"मी पहिल्यांदा आले तेव्हा दारातच सही मागितली. मला कुठली यायला! इस्त्री तापत ठेवून आलेय असं सांगून मी मागे फिरले. दुसऱ्या दिवशी धीर करून पुन्हा आले, तर वहीच नव्हती. तशी आत शिरले, ती आजतागायत येतेय. या बाईंनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही."

मला वाटत होतं, तिच्या हे लक्षातच आलेलं नाही.

"आता येते सही?" साहेबांनी विचारलं.

"न यायला काय झालं? या पोरांच्या शेजारी बसून त्यांच्या पुस्तकांवर शिकले. आता जाडजूड वाचते. दोन गिऱ्हाइकांचे सदरे जळले त्या नादात."

सगळा हॉल हसला. साहेबांनी हजेरीचा कागद पुढे सरकवला. मावशीने नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि खाली रेघ ओढली. तिच्यामागे रांग लागली. साहेबांना आणखी दोन कागद मागवावे लागले.

शेवटी ते म्हणाले, "बंद करायच्या यादीतून तुमच्या वाचनालयाचं नाव काढतो. पण आजपासून वही भरा. ज्यांना सही येत नाही, त्यांचं नाव तुम्ही लिहा."

इतकं साधं मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. मी मान डोलावली.

"आणि शाळेचे दोन शिक्षक?" नणंदेने विचारलं.

"तो आजचा विषय नाही."

"मग तारीख द्या."

साहेब निघायच्या तयारीत होते, पण हॉलमधलं कुणीच उठलं नाही. मावशीने तर पुस्तक पुन्हा उघडलं. साहेबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि शिपायाला तारखांची डायरी आणायला सांगितलं.