वांग्यांच्या मळ्यात मेटल

आसेगावच्या गुलाबरावांनी सकाळीच फर्मान काढलं, सुप्रियाचा स्पीकर आज शेजारच्या जानरावांकडे जाणार. जानरावांना माकडं हाकलायला मोठा आवाज हवा होता, आणि गुलाबरावांना घरात शांतता.

सुप्रियाचं तोंड एवढंसं झालं. कडाडत्या गिटारी आणि धडधडत्या ड्रमचं ते मेटल संगीत लावल्याशिवाय तिच्याच्यानं वांग्याचं एक टोपलंही भरून होत नसे.

"बाबा, ते सगळं एक नाही. त्यात तीन परकार हायेत."

"कायचे तीन? डबडे फेकल्यावानी एकच आवाज येते. फरक दाखव मले, मंग स्पीकर तुहा!"

आता आली का पंचाईत! कान मिटून बसलेल्या माणसाला ऐकवायचं तरी कसं? तेवढ्यात बांधावरून माकडांची टोळी वांग्यांत शिरली. सुप्रियानं झटक्यात स्पीकर लावला.

"हे प्रोग्रेसिव्ह," ती ओरडली. "निंगते कुठून, पोचते कुठं!" गिटार कडाडली, माकडं पळाली. मग गाणं हळू झालं, एकटीच गिटार गुणगुणू लागली, आणि माकडं परत येऊन निवांत वांगी खाऊ लागली. पुन्हा धडाका, पुन्हा पळापळ. गुलाबराव मिशीत हसले.

"हे टेक्निकल. यात हाताची करामत पाहा." बाप्पा, काय तो वेग! बोटं शिलाई मशीनसारखी चाललेली, एक ठोका इकडचा तिकडे नाही. माकडं आधी दचकली, मग सरावली. एका हुप्प्यानं तर मान न वळवता दुसरं वांगं तोडलं.

"अन् हे अवाँ गार्द. यात कायदाच नाही!" आधी काहीच वाजेना. मग सॅक्सोफोननं गळा काढला, मग अंगाई, अंगाईतच ड्रमचा दणका, आणि मग कोणीतरी खदखदून हसलं. हुप्प्यानं वांगं टाकून धूम ठोकली, मागोमाग सगळी टोळी. पुन्हा फिरकायचं नाव नाही. दोन पावलं गुलाबरावही मागे सरकले होते, पण ते आपण कोणाला सांगायचं नाही.

"वा! असंच पायजे होतं मले," म्हणत जानराव हजर. "द्या स्पीकर."

फरक दाखवता दाखवता सुप्रियानं स्पीकरची जाहिरातच करून ठेवली होती की!

गुलाबरावांनी स्पीकर उचलला आणि आपल्या बाजेवर ठेवला. "हा नाही भेटत. वांदरं आले का हाक मारा, पोरगी येईन अन् तिसरं लावून देईन."

"तिसरं काहून? सगळा एकच गोंधळ तं हाय."

"एकच?" गुलाबराव भडकले. "कान हायेत का काय? पयलं दूर फिरवून आणते, दुसऱ्यात हात चालते, तिसऱ्याचा काही नेम नाही!"

जानराव हात हलवत निघून गेले. सुप्रियाला हसू आवरेना. गुलाबराव बाजेवर टेकले.

"पोरी, ते पयलंच लाव आता. मधात हळू झालं ना, तिथून पुढचं वांदरांपायी ऐकाचंच राह्यलं."