चेंडू धरणारा

आर्वोनं गुडघा चिखलात टेकवला आणि ओले पंजे पँटला पुसले. फलकावर सोळा-चौदा, दोन गुणांनी मागे. चार सेकंद उरले होते. ही किक खांबांच्या मधून गेली तर तीन गुण, आणि पोर्ट हॅलमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा या मोसमातला पहिला विजय. शेवटचाही. पुढच्या वर्षी हा संघ नसेल, असं लीगनं सोमवारीच कळवलं होतं. संघाचं आयुष्य उणीपुरी दोन वर्षं.

पहिल्या वर्षी किक आर्वोच मारायचा. कागद गिरणीतली पाळी संपवून सरावाला यायचा, तरी त्या वर्षी जे दोन सामने जिंकले, ते त्याच्याच पायावर. मग ग्लासगोहून फर्गस आला. पहिल्याच सरावात त्यानं पन्नास यार्डांवरून चेंडू पार घालवला. प्रशिक्षक हॉब्सनं आर्वोच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझे हात स्थिर आहेत, बाबा. आता तू चेंडू धरत जा."

तेव्हापासून आर्वो गुडघ्यावर, फर्गसच्या किकेसाठी चेंडू जमिनीवर उभा धरून. गिरणीत डबा खाताना माणसं फर्गसच्याच गोष्टी करत. एकदा बायकोही म्हणाली, "पाय काय सुरेख पडतो हो त्याचा!" आर्वोनं सूप अर्धंच सोडलं.

तिसऱ्या सामन्यात त्यानं चेंडू किंचित तिरका धरला. जेमतेम बोटभर. किक बाहेर गेली. लोकांनी फर्गसची हुर्यो उडवली, आणि घरी आर्वो दोनदा सूप मागून जेवला. मग ते दर सामन्यात होऊ लागलं. तीन सामने संघ दोन-दोन गुणांनी हरला. कुणाला संशय आला नाही.

आज मात्र लोक बाकांवर उभे राहिले होते. यानंतर इथं कुणीच किक मारणार नव्हतं; तो नाही, फर्गसही नाही.

"तयार, आर्वो?"

"मार रे."

पुढच्या गड्यानं मागे फेकलेला चेंडू हातात आला. आर्वोनं तो टेकवला, शिवण पुढे फिरवली. अगदी ओळंब्यात. फर्गसचा पाय सणकन आला. चेंडू वर चढला, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात वळला आणि डाव्या खांबावर आपटून खाली पडला.

कपडे बदलायच्या खोलीतून एकेक जण निघून गेला. फर्गस बाकावर तसाच बसून होता.

"माझा पायच गेला रे," तो म्हणाला. "रोज सकाळी एकटा येतो. मातीच्या ढिगावर चेंडू ठेवून शंभर किका मारतो. सगळ्या जातात. सामन्यात मात्र नाही. मनातच काहीतरी मोडलंय. घरी कळवलंय मी, खेळ सोडतो म्हणून. गोदीत काम बघा म्हटलं."

आर्वोला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"वारा होता, दुसरं काय! या वेळी तर मी अगदी सरळ धरला होता."

फर्गसनं मान वर केली.

"या वेळी?"

आर्वो बुटाची नाडी सोडायला वाकला. ओली गाठ सुटेना.

समोर पावलं थांबली. फर्गस कोपऱ्यातला चेंडू उचलून घेऊन आला होता. त्यानं तो आर्वोच्या मांडीवर ठेवला.

"चल बाहेर," तो म्हणाला. "उजेड आहे अजून. धर."