जाहिरातीच्या जागी मासे

कपडे धुण्याची पावडर विकायची तर धुऊन दाखवावं लागतं. मी आणि माझी थोरली जाऊ बारा वर्षं एका मोठ्या दुकानाच्या दारात बादली घेऊन तेच करत होतो. गिऱ्हाईक मळकी कॉलर पुढे करायचं, आम्ही ती त्याच्या डोळ्यांदेखत चोळायचो. शहरात अशा आम्ही आठ जणी. जाऊबाईंच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही, त्यामुळे त्या अंगात ताप असला तरी उभ्या राहायच्या.

यंदा कंपनीने टीव्हीवर जाहिरात केली. नटी, डोंगर, पांढरीशुभ्र चादर. खर्च एवढा, की आम्हा आठ जणींचा जन्मभराचा पगार त्यात निघाला असता. तीन महिन्यांनी मुख्य कार्यालयात सगळ्यांची बैठक झाली. साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला. सगळ्यात उंच रेघ आमच्या शहराची.

"ही जाहिरातीची ताकद," साहेब म्हणाले. "आता बादल्यांची गरज उरली नाही."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आमच्या शहरात ती जाहिरात लागलीच नव्हती. माझा धाकटा दीर तिथल्या केबलच्या ऑफिसात कामाला आहे. कंपनीने पाठवलेल्या फिल्मला आवाजच नव्हता. त्याने तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. शेवटी वेळ भरायला तो काचेच्या टाकीतले मासे दाखवू लागला.

मी उभी राहिले. जाऊबाईंनी हाताला चिमटा काढला, तरी बोलले.

"साहेब, आमच्याकडे तीन महिने तुमच्या जाहिरातीच्या वेळेला मासे पोहत होते. केबलवाल्यांना फोन लावून विचारा. म्हणजे पावडर एक तर माशांनी विकली, नाही तर आम्ही."

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेब बाहेर जाऊन फोन करून आले.

"बाई म्हणतात ते खरं आहे," ते म्हणाले.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"आता विचार करा," साहेब पुढे म्हणाले, "जाहिरात न लागता विक्री एवढी वाढली, तर लागल्यावर किती वाढेल."

आणि त्या शिकल्यासवरल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढी डिग्रीवाली माणसं, पण मग ती वाढली कशाने, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला अजून त्याचीच चीड येते.

पाच तारखेला आम्हा आठ जणींना पत्रं आली. कामावरून कमी करण्याचं कारण लिहिलं होतं, 'दूरचित्रवाणी जाहिरातीला मिळालेलं यश'. जाहिरात आमच्याकडे पहिल्यांदा लागली बारा तारखेला.

जाऊबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"अगं, कुठलं यश?" त्यांनी मला विचारलं.