खांबाला हात लावून

आमच्या देवतळे घराण्यात माणसाची पारख तो किती शिकला यावरून होत नसे, खांबावर कसा चढतो यावरून होत असे. माझे पणजोबा दत्तात्रय यांनी नागपुरात महाल भागात आखाडा काढला आणि अंगणात सागाचा मल्लखांब पुरला. आजोबा केशवराव यांनी त्या खांबावर दोन पिढ्या घडवल्या. वडील भाऊराव सन छप्पन्न साली सचिवालयाच्या दप्तरांबरोबर भोपाळला आले. आईची तांब्यापितळेची भांडी नागपुरातच राहिली, खांब मात्र मालगाडीने आला. त्यांच्यानंतरची मी, वसुधा. खांबाबरोबर जे काही परंपरेने माझ्या हाती आले, त्यातली एक गोष्ट मी स्वतःच्या मर्जीने टाकून दिली.

ती गोष्ट म्हणजे कबुली. पणजोबांचा नियम असा की, मेहनत संपली की प्रत्येकाने एरंडेलाने तुळतुळीत झालेल्या खांबावर उजवा तळवा ठेवायचा आणि तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या: आज काय साधले, काय हुकले, आणि अंग काय बोलले. पहिलवान असो वा आठ वर्षांचे पोर, कबुली दिल्यावाचून घरी जायचे नाही. खांबाला हात लावून खोटे बोलणाऱ्याला पुढे खांब धरत नाही, असे आजोबा सांगत. मी लहानपणी यावर हसत असे. आता हसत नाही.

वडिलांनी खांब तुलसी नगरातल्या आमच्या क्वार्टरजवळच्या शाळेला दिला आणि पुढे त्याच शाळेत मी व्यायामशिक्षिका झाले. माझ्या मुली लागोपाठ तीन वर्षे राज्यात पहिल्या आल्या. मैदानावर माझी शिट्टी वाजली की झाडावरचे पोपटसुद्धा गप्प होतात, असे लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडे. पन्नास मुलींची कबुली म्हणजे अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोरीच्या मल्लखांबावर आणखी दहा चढाया होतात. ‘बोलून कुणाचे दंड भरत नाहीत,’ असे म्हणून मी कबुली बंद केली. वडील तेव्हा हयात होते. ते एवढेच म्हणाले, “वसू, हे तुझ्या एकटीचं नाही.”

त्र्याऐंशीचा ऑगस्ट महिना होता. आठवीत शालिनी नावाची मुलगी होती, आमच्याच ओळीतल्या क्वार्टरमधली. दोरीवर ती अशी चढे की जणू कुणी वरून तिला हळूच उचलून घेत आहे. त्या गुरुवारी चार पन्नासला मी सुटीची शिट्टी फुंकली. मुली पांगल्या. शालिनी रांगेच्या टोकाला तशीच उभी राहिली. उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला, पुरता वर नाही. धीट मुलीने हात पुरता वर केला असता.

“बाई, मला एक सांगायचं होतं.”

“उद्या सांग,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सर्वांत आधी दोरीवर पाठवले. वर, टोकाच्या आसनात, तिचा हात सुटला आणि ती खाली पडली. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात तिने प्राण सोडला.

चौकशीत माझा अहवाल मागवला. मी लिहिले, ‘विद्यार्थिनीने सूचना न मानता ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक उंची गाठल्यामुळे अपघात घडला.’ उंची मी ठरवली होती. सूचना माझी होती आणि तिने ती तंतोतंत मानली होती. माझे अक्षर सुरेख आहे. त्या अहवालात एकही खाडाखोड नाही.

त्या दिवसापासून मी खांबाला हात लावला नाही. पुढली बावीस वर्षे मी त्या मैदानावर शिकवले, पण शिट्टी आणि वेताच्या छडीच्या अंतरावरून. आणि रोज चार पन्नासला, मुलींच्या रांगेच्या शेवटी, मला एक मुलगी जास्त दिसे. निळा स्कर्ट, दोन वेण्या, उजवा हात खांद्यापर्यंत. मी मुली मोजणे सोडून दिले. निवृत्त झाले तरी ती सुटली नाही. संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसले की एरंडेलाचा वास येई आणि खाली फाटकाशी कुणीतरी ताटकळत असल्यासारखे वाटे. मी भित्री बाई नव्हे. मी कप खाली ठेवून तिकडे बघत असे. ती नजर चुकवत नसे आणि काही बोलतही नसे. बोलू न देणारी मीच होते ना.

पण भुतापेक्षा भयंकर होती ती तिची आई. मालतीबाई दर गुरुपौर्णिमेला माझ्या घरी येत. पदराआडून नारळ काढून माझ्यासमोर ठेवत आणि म्हणत, “पोरीनं तुमचा शब्द मोडला, बाई. तिच्या वतीनं.” अहवालावर त्यांनी विश्वास ठेवला होता, कारण तो देवतळे बाईंचा होता. मुलाबरोबर त्या शहराच्या टोकाला, करोंदला राहायला गेल्या तरी नारळ चुकला नाही. आणि मी? मी हळदीकुंकू लावून त्यांची ओटी भरत असे आणि नारळ ठेवून घेत असे. बेचाळीस नारळ. एकही मी फोडला नाही. कामवालीला देऊन टाकत असे.

यंदा त्या रिक्षाने आल्या. दोन जिने चढायला त्यांना वीस मिनिटे लागली. नारळ ठेवून त्या बराच वेळ दम घेत राहिल्या.

“पुढल्या वर्षी जमायचं नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “म्हणून एकदाच विचारते. माफ केलंत ना तिला?”

“केलं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरले नाही. त्या जिना उतरत होत्या, तेव्हा त्यांच्या मागून आणखी एक पावलांचा आवाज उतरत गेला आणि फाटकाशी थांबला. आईबरोबर गेला नाही.

त्याच आठवड्यात माझी नात मंजूषा तणतणत घरी आली. तीही व्यायामशिक्षिका, त्याच शाळेत. तासाची शेवटची दहा मिनिटे ती मुलींना गोल बसवते. आज शरीर काय शिकले, कुठे अडले, उद्या काय वेगळे करणार, हे आधी वहीत लिहायला आणि मग बोलायला लावते. पुण्यातल्या प्रशिक्षणात हे शिकले, असे ती सांगते. आपल्या पणजोबांच्या आजोबांनी… नव्हे, मला हिशेब जमत नाही. आपल्याच रक्तातल्या माणसाने हे आधी सुरू केले होते, हे तिला ठाऊक नव्हते. मीच सांगितले नव्हते.

“मुख्याध्यापिका म्हणतात, खेळाच्या तासाला वह्या कशाला? बंद करा म्हणतात. आजी, तू उद्या चल. त्या फक्त तुझं ऐकतील.”

“आणि मी त्यांच्या बाजूने बोलले तर?”

“मग निदान घरचा वैरी कोण ते तरी कळेल,” ती म्हणाली. जीभ माझ्यावरच गेली आहे.

मी गेले. खरे सांगायचे तर, त्या वह्या बंद कराव्यात हेच सांगायला गेले. मुली बोलू लागल्या की मला काय ऐकू येईल, याची मला धास्ती होती.

मैदान तेच. खांब तोच, एरंडेलाने काळवंडलेला. मुख्याध्यापिका रजनी मॅडम यांनी मला खुर्ची दिली आणि घड्याळाकडे बोट दाखवले. “दादीजी, आप ही बताइए. आपके ज़माने में ये सब होता था क्या?”

“नव्हतं,” मी म्हणाले. वाक्य अर्धे खरे होते. माझ्या आधीच्या जमान्यात होते.

चार पन्नासला घंटा झाली. “बस हो गया, चलो सब,” रजनी मॅडम म्हणाल्या. मुली दप्तरे उचलू लागल्या. रांगेच्या टोकाला मानसी नावाची एक काटकुळी मुलगी उभी राहिली. हात खांद्यापर्यंत. पुरता वर नाही.

आणि तिच्या शेजारी, तसाच हात उचलून, दुसरी.

मंजूषा घंटेकडे लक्ष न देता मानसीसमोर जमिनीवर उकिडवी बसली. “बोल मानसी.”

“मॅम, वो… लेफ्टवाला हाथ सो जाता है. वर गेल्यावर. मुंग्या येतात. आज पण आल्या. मी वहीत लिहिलंय, पण बोलायची लाज वाटली.”

“कधीपासून?”

“मंडे से.”

“मग दोरी बंद. आईला म्हणावं, उद्या मला भेटा. आपण डॉक्टरांना दाखवू.” आणि मंजूषाने तिच्या पाठीवर थाप मारली. “हे सांगितलंस, हे आजचं सगळ्यात अवघड आसन, बरं का.”

मानसी हसली आणि पळत गेली. रांगेच्या टोकाची दुसरी गेली नाही. तिने हात उचललेलाच ठेवला आणि मंजूषाकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिली.

रजनी मॅडमनी विचारले, “तो दादीजी, क्या तय किया?”

“उद्या सांगते,” मी म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघताच मी मंजूषाचा हात धरला.

मी घरी गेले नाही. मंजूषाला म्हणाले, “गाडी करोंदला घे.” वाटेत तिला सारे सांगितले. एकदा तिने गाडी कडेला थांबवून डोळे पुसले आणि पुन्हा चालवू लागली.

मंडीच्या मागल्या गल्लीत मालतीबाईंचे घर. त्या खाटेवर बसून गहू निवडत होत्या. मला पाहून धडपडत उठू लागल्या. “अगं बाई, तुम्ही कशाला आलात जी! मला निरोप धाडायचा.”

मी त्यांना बसवले. स्वतः उभी राहिले. एकोणऐंशी वर्षांत मी कुणासमोर उभी राहून उत्तर दिले नव्हते. यंदाचा नारळ अजून घरीच होता, तो आणायलाही सुचले नव्हते. रिकाम्या हातांनीच सांगितले. उंची मी ठरवली. तिने शब्द मोडला नाही. आदल्या दिवशी ती काही सांगायला आली, मी उद्या म्हणाले. अहवाल खोटा. नारळ मी घेतले.

सुपातला गहू त्यांनी एका बाजूला सारला, पुन्हा मधे आणला.

“आठ दिवस म्हणत होती,” त्या अखेर म्हणाल्या. “डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणून. मी म्हटलं, माझ्याजवळ काय सांगतेस, बाईंना सांग, त्या बघतील.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी तिला रागावत होते, बाई. बेचाळीस वर्षं. मेलेल्या पोरीला. फोटोला हार घालताना म्हणायची, ऐकलं असतंस तर.”

मी खाली बसले. पाय धरायला गेले तर त्यांनी ते खाटेवर ओढून घेतले.

“पाय नकोत. मला काय करायचे पाय?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “जिथं तिला बोलू दिलं नाही तिथं बोला. सगळ्यांसमोर. मी येईन ऐकायला. एक अक्षर कमी बोललात तर मी उठून जाईन.”

दुसऱ्या दिवशी चार पन्नासला शाळेच्या मैदानावर साठ मुली, मंजूषा, रजनी मॅडम आणि खुर्चीवर मालतीबाई होत्या. सत्यजित, त्यांचा मुलगा, आईच्या मागे हात बांधून उभा होता. त्याने मला नमस्कार केला नाही, आणि ते योग्यच होते.

घंटा झाली. मी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे एक मुलगी होती; निळा स्कर्ट, दोन वेण्या. तिने मला वाट दिली.

खांबाला मी उजवा तळवा लावला. बेचाळीस वर्षांनी. एरंडेल गार लागले. मग खांब आतून ऊन होत गेला.

“मी वसुधा, भाऊराव देवतळ्यांची मुलगी,” मी म्हणाले. मैदानावर माझा आवाज आजही पुरतो. “काय साधले: तीन वर्षे पहिला क्रमांक. काय हुकले: शालिनी. तिने माझा एकही शब्द मोडला नव्हता. ती सांगायला आली आणि मी ऐकले नाही. मग मी खोटे लिहिले आणि तिच्या आईकडून क्षमेचे नारळ घेतले. माफी तिने मागायची नव्हती. मी मागते. तिचे अंग काय बोलले: डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. हे तिचे आहे. बेचाळीस वर्षे ते माझ्यापाशी अडकून राहिले होते, आज तिच्या वतीने सांगते.”

हात मला लगेच काढता आला नाही. खांबाने तो धरून ठेवला होता. मी रजनी मॅडमकडे पाहिले. “ही दहा मिनिटे बंद होणार नाहीत,” मी म्हणाले. “अहवालाची दुरुस्ती मी लिहून आणली आहे. ती दप्तरात लावा.” त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

मालतीबाई काठी टेकत उठल्या. मला वाटले, माझ्याकडे येत आहेत. त्या माझ्या शेजारून गेल्या, रांगेच्या रिकाम्या टोकापाशी थांबल्या आणि हवेत कुणाच्या तरी उचललेल्या हाताला हळूच खाली घ्यावे तसा हात केला.

“झालं गं सांगून,” त्या म्हणाल्या. “शालू, चल आता घरी.”

त्या फाटकाकडे निघाल्या. सत्यजित मागे गेला. धुळीत त्यांच्या काठीचा आवाज येत होता, आणि काठीच्या आवाजाशेजारून चालणारी, अनवाणी, हलकी अशी दुसरी पावले. ती फाटकाशी थांबली नाहीत.